वृकोदराचें कुळ

महाभारतकारांनीं भीमसेनाला ‘वृकोदर’ असें एक नांव दिलें आहे. वृक म्हणजे लांडगा. ज्याचें उदर लांडग्याच्या उदरासारखें, म्हणजे सदैव रितें, तो वृकोदर. लहानपणीं कथाकीर्तनांत हें नांव ऐकून आपणां सर्वांना हसूं आलेलें असतें, आणि गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या त्या मल्लाचें कौतुकहि वाटलेलें असतें. पण भीम जेवढें खात असे तेवढें त्याच्या अंगीं लागत असे, हें आपण न बोलतां गृहीत धरतों. खाल्लेलें अंगीं लागणें ही केवढी देणगी आहे, आणि तीहि आईबापांकडून मिळावी लागते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. माझ्या ध्यानांत तें आलें तें आमच्या घरच्या दुसऱ्या एका वृकोदरामुळें. तो कुत्रा होता. आणि त्याची कुळी आमच्या कुळीपेक्षां पुष्कळच काळजीपूर्वक लिहून ठेवलेली होती.

माझ्या मामंजींना तरुणपणापासून अल्सेशियन कुत्र्याची हौस. नोकरींतील बदल्यांमुळें ती राहून गेली होती. पुण्यास कायमचें बिऱ्हाड झाल्यावर २०१५ सालीं त्यांनीं ती पुरी केली. पिल्लूं आलें त्या दिवशीं त्याच्याबरोबर एक जाड, तुळतुळीत कागदहि आला. त्यावर त्याचे तीन पिढ्यांचे पूर्वज वंशवृक्षाच्या आकारांत मांडलेले होते: दोन आईबाप, चार आजेआज्या, आठ पणजेपणज्या, सर्वांचीं लांबलचक जर्मन वळणाचीं नांवें आणि नांवांपुढें पदकांचीं आद्याक्षरें. मामंजींनीं चष्मा लावून तो कागद तीनदां वाचला आणि जेवणाच्या पंक्तीला जाहीर केलें, “इतका व्यवस्थित वंशवृक्ष आपल्या घराण्याचासुद्धां आपल्यापाशीं नाहीं!”

“आपल्याला कुणाला विकायचें नव्हतें ना,” आत्यासासूबाई ताक वाढतांना म्हणाल्या. त्या मामंजींच्या वडील भगिनी; स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही खात्यांवर त्यांची सत्ता.

कागदावरचें त्याचें नांव कोणालाच उच्चारतां येईना, म्हणून मुलांनीं त्याला भीम म्हणावयास सुरुवात केली. त्याच वेळची त्याची एक बहीण साताऱ्यास वन्संच्या घरीं गेली. तिचें नांव हिडिंबा ठेवावें अशी मुलांची सूचना होती. परंतु बहिणीला बायकोचें नांव कसें ठेवावयाचें, असा आत्यासासूबाईंनीं आक्षेप घेतल्यामुळें ती राणी झाली.

त्या कागदावर एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशीं दिसली. कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकविण्यांत माझीं वीस वर्षें गेलीं असल्यामुळें असल्या आकृतींकडे पाहण्याची मला सवयच आहे. पणज्यांच्या रांगेंत आठ जागा होत्या, पण नांवें सातच होतीं. बापाच्या बाजूचा एक पणजा आणि आईच्या बाजूचा एक पणजा हे एकच होते. विकणाऱ्यानें ही गोष्ट लपविली नव्हती. उलट त्या दोन्ही नांवांखालीं तांबडी रेघ मारून तें मोठें भूषण म्हणून दाखविलें होतें.

आमच्या घरांत लग्नाचीं बोलणीं निघालीं कीं पहिला प्रश्न गोत्राचा, आणि दुसरा प्रश्न आईकडून कांहीं जुनें नातें लागत नाहीं ना याचा. मिताक्षरेनें बापाकडून सात आणि आईकडून पांच पिढ्यांपर्यंतचें सापिंड्य वर्ज्य सांगितलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें हे आंकडे पांच आणि तीन असे उतरविले खरे, पण तत्त्व सोडलें नाहीं. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल आपल्याकडे कांहीं समाजांत आहे. तीहि नियमाला अपवाद म्हणून, रूढीच्या आधारानें चालते. असें असून तींच आपण माणसें कुत्र्याची सोयरीक जुळवावयास बसलों म्हणजे सापिंड्य टाळण्याऐवजीं तें शोधून काढतों आणि त्याचे जास्त पैसे मोजतों! मामंजींना मीं हें बोलून दाखविलें तेव्हां ते हसले. म्हणाले, “कुत्र्याला कुठें पिंडदान करायचें आहे?”

शौकिनांनीं ही रीत उगीच पाडलेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ३ एप्रिल १८९९ रोजीं जर्मनींत कार्ल्सरूहे येथील कुत्र्यांच्या प्रदर्शनांत माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळांतील अधिकाऱ्याच्या दृष्टीस एक मेंढपाळी कुत्रा पडला. अंगानें बांधेसूद, बुद्धीनें तल्लख आणि मालकाच्या शब्दांत वागणारा. स्टेफानिट्झनें तो तेथल्या तेथें विकत घेतला, त्याचें नांव बदलून होरांड फॉन ग्राफ्राट असें ठेविलें, आणि त्याच महिन्यांत स्थापन झालेल्या जर्मन मेंढपाळी कुत्र्यांच्या संस्थेच्या वंशावळींत त्याला पहिला क्रमांक दिला. या एका कुत्र्यासारखे सर्व कुत्रे व्हावे, ही त्याची आकांक्षा. मग होरांडचा मुलगा हेक्टर याचा संबंध होरांडच्याच दुसऱ्या एका अपत्याशीं घडविण्यांत आला. त्यांतून बेओवुल्फ जन्मला. आणि बेओवुल्फला जीं ८४ पिल्लें झालीं तीं बहुतांशीं हेक्टरच्याच इतर संततीपासून झालीं. आज जगभर जो एका साच्यांतून काढल्यासारखा कुत्रा दिसतो तो असा घडला. (पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मनीचें नांव नकोसें झालें म्हणून त्यांनीं त्याला ‘अल्सेशियन’ म्हणावयास प्रारंभ केला. त्यांच्या केनेल क्लबनें १९७७ सालीं मूळचें नांव पुन्हां स्वीकारलें, पण आपल्या तोंडीं अल्सेशियनच बसला आहे.)

साचा असा उत्तम बसला. परंतु रक्ताची पुनरावृत्ति केली म्हणजे नुसत्या चांगल्या गुणांची पुनरावृत्ति होत नाहीं. जे दोष दिसत नव्हते, एकेरी असल्यामुळें झांकून राहिले होते, तेहि दुहेरी होऊन उघडे पडतात.

भीम दीड वर्षाचा होईपर्यंत दृष्ट लागण्यासारखा वाढला. २०१७ च्या आरंभीं तो वाळूं लागला. चौतीस किलो वजनाचा कुत्रा चार महिन्यांत बावीस किलोंवर आला. बरगड्या मोजून घ्याव्या आणि पाठीच्या कण्यावरून हात फिरवितांना मणके लागावे, अशी त्याची अवस्था झाली. खाणें मात्र दुपटीनें वाढलें होतें. सकाळचें भांडें चाटूनपुसून झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन बसे आणि तेथून हलत नसे. देवघरांतल्या तुपांत भिजविलेल्या फुलवाती त्यानें एकदां डबीसकट पळविल्या. अंगणांतली माती, कपड्यांचा साबण, आणि ज्याचा उल्लेख सभ्य पानांत करूं नये तेंहि त्याला वर्ज्य राहिलें नाहीं. शौचास दिवसांतून सहासात वेळां होई. रंग पिवळट, तेलकट आणि दुर्गंध असा कीं सकाळीं अंगण धुतल्यावांचून कोणाला रांगोळी घालतां येऊं नये.

एकत्र कुटुंबांत निदानाला कधीं तोटा नसतो. जाऊबाईंच्या मतें त्याचें दूध मधल्यामध्यें कोणी तरी पीत होतें. दिरांच्या मतें जंत. त्यांनीं दोनदां औषध पाजलें. आत्यासासूबाईंनीं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. अखेर ज्या तरुण पशुवैद्याकडे आम्ही गेलों त्यानें कुत्र्याकडे कमी आणि मीं नेलेल्या शौचाच्या डबीकडे जास्त वेळ पाहिलें, आणि तो म्हणाला, “हा उपाशी मरतो आहे, आणि भरल्या ताटावर बसून मरतो आहे.”

जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि असते. तिचीं कामें दोन. एक इन्सुलिन करून रक्तांतील साखर ताब्यांत ठेवण्याचें. तें बिघडलें म्हणजे मधुमेह होतो, हें आतां घरोघर ठाऊक आहे. दुसरें, आंतड्यांत असे रस सोडण्याचें कीं ज्यांच्या योगानें अन्नांतील स्निग्धांश, मांसवर्धक द्रव्यें आणि पिष्ट हीं फुटून रक्तांत शिरण्याजोगीं होतात. अल्सेशियनांत, बहुधा एक ते चार वर्षांच्या वयांत, शरीराची स्वतःची संरक्षक सेना या दुसऱ्या कामाच्या पेशींवर उलटते आणि त्यांचा हळूहळू फडशा पाडते. इन्सुलिन करणाऱ्या पेशी बहुधा सुखरूप राहतात. निसर्गानें या ग्रंथींत इतका साठा ठेविला आहे कीं तिचा नऊदशांश भाग नष्ट होईपर्यंत बाहेर कांहींच दिसत नाहीं. आणि दिसूं लागतें तेव्हां आंत बहुतेक कांहीं उरलेलें नसतें. मग खाल्लेलें अन्न, पाटांतून पाणी जावें तसें, पोटांतून नुसतें वाहून जातें.

हें रक्तावरून कळतें. ट्रिप्सिन नांवाच्या रसाचा जो अंश निरोगी ग्रंथींतून रक्तांत पाझरतो तो मोजतात. लिटरमागें अडीच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी भरला तर निदान पक्कें. रक्त घेण्यापूर्वीं बारा तास उपाशी ठेवावें लागतें. “म्हणजे त्याची एकादशी,” असें म्हणून आत्यासासूबाईंनीं स्वयंपाकघराचें दार लावून घेतलें आणि रात्रभर तो दाराशीं रडत राहिला. भीमाचा आंकडा एकाहूनहि कमी आला.

औषध आहे, आणि तें आयुष्यभर द्यावें लागतें. दुसऱ्या प्राण्याच्या स्वादुपिंडाची वाळवून केलेली भुकटी प्रत्येक जेवणांत कालवावयाची, जोडीला बी-१२ जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें. हा दुसरा प्राणी बहुधा डुक्कर असतो. ही गोष्ट आत्यासासूबाईंना सांगावी कीं न सांगावी, यावर माडीवर एक गुप्त बैठक झाली. शेवटीं मींच सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग फडताळांतलें एक जुनें पितळी भांडें काढून म्हणाल्या, “हें त्याचें. हें आंत आणायचें नाहीं, आणि त्याचा डोस चुकवायचा नाहीं.” तिसऱ्या आठवड्यांत अंगण धुण्याचें काम संपलें. वर्षअखेर भीम एकतीस किलोंचा झाला, आणि २०२४ च्या पावसाळ्यांत, नऊ वर्षांचा होऊन, सांध्यांच्या दुखण्यानें गेला. सात वर्षें दिवसांतून दोनदां तें पितळी भांडें भरलें जात होतें, आणि तें घासण्याचा मान आत्यासासूबाईंनीं दुसऱ्या कोणाला दिला नाहीं.

खरा प्रश्न उपस्थित झाला तो २०१८ मध्यें, आणि तो राणीचा होता. तीन वर्षांची राणी सुदृढ होती. वन्संच्या परिचयांतल्या एकांकडे तसाच कागदपत्रवाला नर होता. एकदां तरी पिल्लें व्हावीं अशी वन्संची हौस. दोन नातेवाइकांना त्यांनीं पिल्लें कबूलहि करून टाकलीं होतीं. आम्हीं भीमाचें दुखणें कळविल्यावर त्यांनीं मोठ्या तत्परतेनें राणीचें रक्त तपासून घेतलें. आंकडा उत्तम आला. “वहिनी, तुम्हीच सांगा, आतां काय हरकत आहे?” असा त्यांचा फोन आला.

याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. कांहीं विकार सरळ मेंडेलच्या हिशोबानें चालतात. जायंट श्नाउझर जातीच्या कांहीं कुत्र्यांना अन्नांतलें बी-१२ आंतड्यांतून शोषून घेतांच येत नाहीं. हाच विकार माणसाच्या मुलांतहि होतो. १९६० सालीं नॉर्वेंत ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडमध्यें राल्फ ग्रेस्बेक यांनीं स्वतंत्रपणें त्याचें वर्णन केलें. येथें एकच जनुक बिघडलेलें असतें. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागविते. असा कुत्रा स्वतः निरोगी, पण दोषाचा वाहक. दोन वाहकांची गांठ पडली म्हणजे प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा संभव चारांत एक. रक्तावरून वाहक ओळखतां येतो, त्याची सोयरीक निर्दोष कुत्र्याशीं केली कीं काम झालें. आयरिश सेटर जातीच्या कांहीं घराण्यांना गहूं सोसत नाहीं. पोळीचा तुकडा त्यांच्या आंतड्यांना विषासमान होतो. तेथेंहि एका अप्रभावी जनुकाकडेच बोट गेलें आहे. पोळीवर वाढणाऱ्या आपल्या घरांत असा कुत्रा आला तर काय होईल, असा विचार माझ्या मनांत कधीं कधीं येतो.

अल्सेशियनाच्या या रोगाविषयीं प्रथम असेंच समजत. त्याचा शेवटला निवाडा हेलसिंकीच्या संशोधकांनीं एका साध्या प्रयोगानें केला. रोगी नर आणि रोगी मादी यांचा त्यांनीं संबंध घडविला. एकाच अप्रभावी जनुकाचा हा खेळ असता तर सारीं पिल्लें रोगी निघावयास हवीं होतीं. २०१० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निकाल असा कीं सहा पिल्लांपैकीं रोग झाला तो दोघांनाच. म्हणजे विकार घराण्यांतून येतो हें खरें, पण त्याला अनेक जनुकें कारण आहेत, आणि बहुधा बाहेरच्याहि कांहीं गोष्टी. २०१३ सालीं संरक्षक सेनेला आपपर ओळखावयास शिकविणाऱ्या जनुकांशीं त्याचा संबंध दिसून आला. पण ‘हा वाहक, हा नव्हे’ असें सांगणारी चाचणी अद्याप कोणाच्या हातीं नाहीं. राणीचा आंकडा राणीचें स्वादुपिंड आज चांगलें आहे एवढेंच सांगत होता. तिच्या पिल्लांना ती काय देईल याविषयीं तो मुका होता. ज्या आईबापांच्या पोटीं भीम आला त्यांच्याच पोटीं ती आली होती. आणि ज्या नराचें स्थळ आलें होतें, त्याच्या कागदावर भीमाच्या त्या दुहेरी पणज्याचें नांव तिसऱ्यांदा आढळलें!

चाचणी नसेल तेथें घराण्याची चौकशी हाच एक मार्ग उरतो. ती न करतां रक्त शुद्ध ठेवण्याचाच अट्टाहास धरला म्हणजे काय होतें याचा दाखला नॉर्वेंत आहे. उत्तरेस लोफोटेन द्वीपसमूहांत व्हॅरॉय नांवाचें बेट आहे. तेथील मॉस्टाड खेड्यांतले लोक कड्याकपारींतले पफिन पक्षी धरण्यासाठीं सहा बोटांच्या पायाचा एक चिमुकला कुत्रा बाळगीत. त्याला लुंडेहुंड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कुत्र्यांची सांथ आली आणि जात जवळजवळ बुडाली. आजचे सारे लुंडेहुंड पांचसहा कुत्र्यांची संतति होत, आणि तीं पांचसहाहि एकमेकांचीं जवळचीं नातलग. जात वांचली, पण तिच्या पोटाचा रोग तिच्याबरोबर वांचला: आंतड्यांतून शरीराचीं मांसवर्धक द्रव्यें पाझरून जातात आणि कुत्रा सुजून, खंगून मरतो. येथें निवड करावयास निर्दोष घराणेंच उरलें नाहीं. तेव्हां नॉर्वेजियन लोकांनीं जें केलें तें शुद्ध रक्ताच्या अभिमान्यांना धाडसाचें वाटेल. शेजारच्या तीन उत्तरी जातींच्या कुत्र्यांशीं त्यांनीं लुंडेहुंडचे संबंध घडविण्यास आरंभ केला. आणि बाहेरचें रक्त आल्यावांचून ही जात तरणार नाहीं, असें २०१७ च्या एका अभ्यासानें स्पष्ट म्हटलें. इंग्लंडांतहि २००८ मधील बी. बी. सी. च्या एका चित्रपटामुळें गवगवा झाल्यावर केनेल क्लबला सख्ख्या भावाबहिणींच्या आणि आईबाप-अपत्यांच्या संबंधांतून झालेलीं पिल्लें नोंदणें २००९ पासून बंद करावें लागलें. तोंवर तीं खुशाल नोंदलीं जात होतीं, हें वाचून मामंजी गंभीर झाले.

दिवाळीपूर्वीं वन्सं पुण्यास आल्या आणि ओसरीवर सर्वांसमक्ष चर्चा झाली. वन्संचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. “इतकें पाहूं लागलों तर माणसांचींसुद्धां लग्नें व्हायचीं नाहींत. मधुमेह कुणाच्या घरांत नाहीं?” मामंजी निरुत्तर झाले. उत्तर आत्यासासूबाईंनीं दिलें.

“माणसांत असें म्हणूं नये, पोरी. तिथें दोघें आपलें आपण ठरवतात, आणि जें होईल तें मिळून निस्तरतात. राणीनें कुठें सांगितलें तिला पोरें हवींत म्हणून? हौस तुझी. आणि त्यांतलें एखादें असें निघालें, तर उंबऱ्याशीं रात्रभर रडणार कोण? तूं तर पिल्लें वाटून मोकळी होणार.”

राणीची शस्त्रक्रिया साताऱ्यास त्याच महिन्यांत झाली. भाऊबीजेला वन्सं आल्या खऱ्या, पण माझ्याशीं दोन दिवस बेताचेंच बोलल्या. कबूल केलेल्या पिल्लांबद्दल त्यांना दोन ठिकाणीं शब्द फिरवावा लागला होता, आणि तें त्यांच्या स्वभावाला फार लागलें होतें.

मामंजींनीं यानंतर एक उद्योग आरंभिला. विकणाऱ्याला त्यांनीं अहवालाची नक्कल पाठवून या जोडीला पुन्हां पिल्लें होऊं देऊं नयेत असें विनविलें. ‘आमच्या कुत्र्यांत असें कधीं घडलें नाहीं’ असें उत्तर आलें, आणि त्याच जोडीचें नवें पिल्लूं निम्म्या किंमतींत देण्याची तयारीहि त्यांत दर्शविली होती. तेव्हां मामंजींनीं इकडेतिकडे विचारपूस करून भीमाच्या भावंडांचा स्वतःच शोध सुरू केला. एकूण पिल्लें सात. ठाण्याचें आणि कोल्हापूरचें अशीं दोन निरोगी होतीं. एक मोटारीखालीं सांपडून गेलें होतें. नाशिकचें एक, ‘खातो फार आणि अंगीं लागत नाहीं’ म्हणून, दोन वर्षांचें असतांना, कसलीहि तपासणी न करतां डॉक्टरकडून झोपविण्यांत आलें होतें. हें कळलें त्या दिवशीं मामंजी संध्याकाळीं फिरावयास गेले नाहींत. त्यांनीं तो तुळतुळीत कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सात रकाने आंखून प्रत्येकाची हकीकत शाईनें लिहून काढली. सातव्या पिल्लाचा पत्ता अजून लागलेला नाहीं.